जीपमागचा पाव टन

1940 सालच्या 23 सप्टेंबरला अमेरिकेत बाल्टिमोरजवळच्या कॅम्प होलाबर्ड या लष्करी तळावर एक लहानशी, उघडीबोडकी गाडी येऊन उभी राहिली. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बँटम कार कंपनीने ती 49 दिवसांच्या मुदतीत तयार केली होती. आराखडा कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याचा. आज आपण जिला जीप म्हणतो तिचा हा पहिला नमुना. पण लष्कराला गाड्या लाखांनी हव्या होत्या आणि बँटमचा कारखाना लहान होता. मोठी कंत्राटे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांना मिळाली, जीप विलीजच्या नावाने जगभर गेली, आणि बँटमकडे काम आले ते जीपच्या मागे जोडायच्या दोनचाकी ट्रेलरचे.

जीपवर पुस्तके निघाली, चित्रपटांत ती नायकासारखी मिरवली, संग्रहालयांत तिला मानाची जागा मिळाली. ट्रेलर मात्र कायम मागेच राहिला. तो जागेवर आणावा, आणि आणताना रस्त्यावरच्या कुणाचाही जीव धोक्यात जाऊ नये, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

आधी त्याची ओळख करून देतो. बँटमच्या ट्रेलरला टी-3 म्हणत. विलीजनेही जवळजवळ तसाच ट्रेलर एमबीटी या नावाने बनवला. युद्ध संपेपर्यंत दोघांचे मिळून एक लाखाहून जास्त ट्रेलर बाहेर पडले. क्षमता पाव टन, म्हणजे 500 पौंड, आपल्या हिशेबात सुमारे 227 किलो. रिकाम्या ट्रेलरचे वजनही साधारण तेवढेच, 250 किलोच्या आसपास. माल ठेवायची पेटी सहा फूट लांब, तीन फुटांहून थोडी रुंद आणि दीड फूट खोल. आकार एवढासा, पण विचार फार खोलवर केलेला. चाके आणि टायर जीपचेच, 6.00-16 मापाचे, त्यामुळे जीपची एक स्टेपनी दोघांनाही चालते. दोन चाकांमधले अंतरही जीपइतकेच ठेवलेले, म्हणून जीपने चिखलात पाडलेल्या चाकोरीतूनच ट्रेलर मागोमाग येतो, त्याला स्वतःची वाट काढावी लागत नाही. पेटीत पाणी शिरत नाही. ओढा आडवा आला की ती माल पोटात घेऊन तरंगते, आणि आत साचलेले पाणी काढायला तळाशी बुचे आहेत. जीपपासून सोडवल्यावर नाक जमिनीवर टेकू नये म्हणून पुढे घडी घालायचा पाय आहे, आणि उतारावर उभा करायचा तर हातब्रेक आहे. यातला एकही भाग शोभेचा नाही. यंत्र कसे असावे हे मला विचाराल तर मी याच्याकडे बोट दाखवीन.

1944 च्या जूनमध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या काही ग्लायडरांतून जीप आणि तिचा ट्रेलर वेगवेगळे नेले जात आणि शेतात उतरल्यावर जोडले जात. आपल्या पूर्व सीमेवर, आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, जिथे ट्रकला वाट नव्हती तिथे दारूगोळा, पाण्याचे डबे आणि जखमी यांची ने-आण जीपनेही केली. युद्ध संपल्यावर उरलेल्या गाड्यांचे लिलाव झाले. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि जीप पाटबंधारे खात्यापासून वनखात्यापर्यंत सगळीकडे पोचली. तिच्यासोबत ट्रेलरही शेतावर, खाणीवर, रस्त्याच्या कामावर गेला. काहींची पाण्याची टाकी झाली, काहींवर जनरेटर बसले, काहींत वर्षानुवर्षे कडबा आणि खत वाहिले गेले. युद्धानंतर आलेले एम100 आणि एम416 हे अमेरिकन ट्रेलर याच घराण्यातले. त्यांची वीजजोडणी 24 व्होल्टची आणि टायर 7.00-16 चे. हे पुस्तक प्रामुख्याने युद्धकाळातल्या ट्रेलरवर आहे, पण त्यातली सुरक्षेची प्रकरणे कुठल्याही जुन्या लष्करी ट्रेलरला लागू पडतील.

आता ज्या गोष्टीसाठी ही प्रस्तावना लांबवतो आहे तिच्याकडे येतो. ट्रेलरला इंजिन नाही, गिअर नाही, स्टेअरिंग नाही. त्यामुळे जीपचे काम हाती घेणारा माणूस ट्रेलरला किरकोळ समजतो. पत्रा ठोकून सरळ करायचा, लांबी भरायची, ऑलिव्ह रंग मारायचा, बाजूला पांढरा तारा उमटवायचा, की झाला ट्रेलर तयार. प्रदर्शनात उभा करायचा असेल तर एवढे पुरेसे आहे. पण तो ओढत रस्त्यावर आणायचा असेल तर हा क्रम नेमका उलटा करावा लागतो. जीपचा ब्रेक निकामी झाला तर पहिला धोका चालवणाऱ्याला असतो, आणि म्हणून तो ब्रेककडे लक्ष देतो. ट्रेलर सुटला तर तो चालवणाऱ्याला बहुधा लागत नाही. तो समोरून येणाऱ्या दुचाकीवर जातो, नाही तर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसांत घुसतो. ज्यांनी तो ट्रेलर कधी पाहिला नाही आणि ज्यांना त्याच्या इतिहासाशी काही देणेघेणे नाही, अशांच्या जिवाचा हा प्रश्न आहे. ट्रेलर जोडणाऱ्यावर म्हणूनच जीप चालवणाऱ्यापेक्षा मोठी जबाबदारी येते, असे मी मानतो.

महाराष्ट्रात हे वेगळे पटवून द्यायला नको. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीमागून गाडी चालवलेल्या प्रत्येकाला मागचा दिवा नसलेली, रिफ्लेक्टर धुळीने झाकलेली ट्रॉली अचानक समोर येणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. कारखाने आणि पोलीस हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावून देतात ते याच अनुभवातून. हौसेने जुना ट्रेलर ओढणाऱ्याला पोटापाण्याची घाई नसते. त्याने या बाबतीत सर्वांत काटेकोर असावे, ही अपेक्षा जास्त नाही.

सुरुवात चाकांपासून, कारण काम करताना जीव जाण्याचा सर्वांत मोठा धोका तिथे आहे. युद्धकाळातल्या अनेक जीपांना आणि ट्रेलरांना दोन तुकड्यांचे रिम आहेत. चाकाचे दोन अर्धे भाग एकमेकांवर बसवून नटबोल्टांनी आवळलेले. हेतू असा होता की रणांगणावर यंत्राविना, साध्या पान्याने टायर बदलता यावा. या चाकावर नटांची दोन वर्तुळे दिसतात. मधल्या वर्तुळातले 5 नट चाक हबला धरून ठेवतात. बाहेरच्या वर्तुळातले 8 नट रिमचे दोन भाग एकत्र ठेवतात. टायरमध्ये हवा असताना या बाहेरच्या नटांना पाना लावला तर शेवटचे एकदोन नट आवळलेल्या अवस्थेतच तुटतात आणि रिमचा अर्धा भाग समोरच्या माणसावर येऊन आदळतो. यात माणसे दगावली आहेत. हे सांगितल्यावर कुणी विसरत नाही, पण पंक्चर काढायला ट्रेलरचे चाक ज्या मुलाच्या हाती दिले जाते त्याला हे कुणी सांगितलेले नसते. त्याने असे चाक आयुष्यात पाहिलेले नसते. तेव्हा चाक दुकानात देताना व्हॉल्व्ह काढून सगळी हवा सोडूनच द्यावे, आणि बाहेरच्या नटांभोवती लाल रंगाचा पट्टा ओढून ठेवावा. लष्करी नमुन्यात तो पट्टा नव्हता म्हणून कुणी नावे ठेवली तर ठेवू द्यावीत. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे. पिंजरा नसेल तर चाकाला साखळी गुंडाळावी, लांब नळी वापरावी आणि चाकाच्या समोर उभे राहू नये.

आणखी एक खोड. जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, म्हणजे नेहमीच्या दिशेने सैल करायला गेलो तर नट उलट आवळला जातो. ट्रेलरच्या डाव्या चाकावरही पाना लावण्याआधी आटा पाहावा. गंजलेल्या स्टडवर चुकीच्या दिशेने पाइप लावून जोर केल्यामुळे तुटलेले स्टड मी अनेक ट्रेलरांवर पाहिले आहेत. पाचांतला एक गेला तरी चाक तात्पुरते धरून राहते आणि मालक तसाच ट्रेलर पळवतो. हे चालणार नाही. पाचही स्टड शाबूत असल्याशिवाय ट्रेलर अंगणाबाहेर काढू नये.

टायरबद्दल लोकांची समजूत अशी की नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर चांगला. ट्रेलरचा टायर बहुतेकदा झिजून मरत नाही, वयाने मरतो. वर्षानुवर्षे एका जागी उभा राहून त्याच्या बाजूला बारीक भेगा पडतात आणि भार आल्यावर तो तिथेच फाटतो. 2000 नंतरच्या टायरवर चार आकड्यांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. असा आकडा नसेल तर टायर आपोआपच बाद धरावा. दहा वर्षांवरचा टायर कितीही नवा दिसला तरी त्यावर ट्रेलर ओढायला माझी ना आहे.

चाक काढलेच आहे तर हब उघडावा. आत शंकूच्या आकाराच्या रोलरची दोन बेअरिंगे असतात. जुने ग्रीस साबणासारखे घट्ट झालेले असते, आणि ट्रेलर कधी पाण्यात उतरला असेल तर आत तपकिरी गंजपाणी सापडते. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, उजेडात एकेक रोलर पाहावा. एका रोलरवर जरी खड्डा किंवा निळसर झाक दिसली तरी बेअरिंग बाहेरच्या वाटीसकट बदलावे. नवे ऑइल सील, नवी कॉटर पिन. जुनी पिन सरळ करून परत वापरण्याची आपल्याकडे फार सवय आहे, आणि एक पिन वाचवण्याच्या नादात चाक जाऊ शकते. बसवताना चाक हाताने फिरवत नट आवळायचा, चाक जड झाले की नट किंचित मागे घ्यायचा आणि पिन घालायची. हे वाचून पुरेसे समजत नाही, जाणत्या मिस्त्रीशेजारी उभे राहून हाताने शिकावे. ड्रम उघडल्यावर एक खबरदारी: जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके बंद पिशवीत टाकून द्यावे.

चाकांनंतर जोड. लष्करी ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला जाड पोलादी कडी असते आणि गाडीमागे जबड्यासारखा उघडणारा हूक. ही पद्धत तोफखान्यातून आली. घोड्यांनी तोफ ओढली जाई तेव्हा तोफेच्या शेपटीची कडी पुढच्या दोनचाकी गाड्याच्या हुकात अडकवत. देवळालीच्या तोफखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांनी आजच्या तोफांच्या मागेही तशीच कडी पाहिली असेल. इतक्या बदलांतून ती टिकली त्याचे कारण तिच्या सैलपणात आहे. हूक आणि कडी यांत मोकळी जागा असते, म्हणून जीप एका खड्ड्यात आणि ट्रेलर दुसऱ्या दिशेच्या उंचवट्यावर असला तरी दांड्याला पीळ बसत नाही. आपल्याकडे बऱ्याच ट्रेलरांची मूळ कडी कापून तिथे ट्रॅक्टरसारखी उभी पिन बसवलेली आढळते. शेतातल्या संथ वेगाला ती चालली असेल, पण पिनेत तसा पीळ सामावत नाही. तो सगळा दांड्याच्या वेल्डिंगवर जातो आणि तिथे केसासारखी चीर पडते. अशी पिन बसवलेला ट्रेलर मिळाला तर पहिला खर्च मूळ कडी परत आणण्याचा करावा, असे मी आग्रहाने सांगतो. रंगाला पैसे उरले नाहीत तरी हरकत नाही.

कडी मूळची असली तरी ती तपासावी लागते. ओढताना हूक कडीच्या पुढच्या कमानीला आतून घासतो आणि तिथे ती हळूहळू पातळ होते. व्हर्नियर घेऊन पुढच्या बाजूची जाडी आणि बाजूची न झिजलेली जाडी मोजली की फरक समोर येतो. झिजलेली कडी वेल्डिंगने भरून घेण्याची युक्ती प्रत्येक गावात कुणीतरी सुचवतोच. ती ऐकू नये. कडी घडीव पोलादाची असते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे पोलाद ठिसूळ होते. वरून ती भरीव आणि गुळगुळीत दिसते आणि एका धक्क्यात तुटते. झिजलेली कडी बदलायचीच. हुकाची झडप हाताने हलवून पाहावी, तिच्यात घालायची सुरक्षा-पिन साखळीने हुकालाच बांधलेली असावी, आणि पिन घातल्याशिवाय जीप सुरू न करण्याची सवय अंगात मुरावी. दांड्याच्या सांध्यांसाठी डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट चाचणी करून घ्यावी. फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये ही चाचणी सर्रास होते: रंग खरवडून लाल द्रव लावतात, पुसतात, वर पांढरा थर फवारतात, आणि चीर असेल तिथे लाल रेघ उमटते. खर्च थोडा आणि उत्तर नि:संदिग्ध.

साखळ्यांविषयी एवढेच की त्या दोन हव्यात आणि दांड्याखालून एकमेकींना ओलांडून गेलेल्या हव्यात. हूक निसटला तरी दांडा त्यांच्या झोळीत अडकतो, रस्त्यात रुतून ट्रेलर कोलांटी खात नाही. त्या हुकालाच अडकवल्या तर हूक तुटल्यावर त्यांचा उपयोग शून्य. मूळ जीपवर हुकाच्या दोन्ही बाजूंना साखळीसाठी वेगळ्या कड्या होत्या, त्या बहुतेक गाड्यांवरून गायब झाल्या आहेत. त्या पुन्हा बसवाव्यात.

पाटे, शॅकल, बुश आणि यू-बोल्ट यांचे काम जीपसारखेच आहे आणि कुठलाही जुना मिस्त्री ते करून देईल, म्हणून त्यावर इथे थांबत नाही. फक्त एक मोजमाप करावे. कडीच्या मध्यापासून डाव्या आणि उजव्या हबच्या मध्यापर्यंत टेप लावावा. दोन अंतरे सारखी नसतील तर ॲक्सल तिरका बसला आहे, आणि असा ट्रेलर सरळ रस्त्यावर एका अंगाने चालतो आणि टायर खातो.

आता ब्रेक. या ट्रेलरला चालत्या गाडीत लागणारा ब्रेक मुळातच नाही. हातब्रेक आहे तो उभा करण्यापुरता. भरलेला ट्रेलर 480 ते 500 किलोचा होतो आणि तो थांबवण्याचे सगळे काम जीपच्या ड्रम ब्रेकवर पडते. जीप स्वतः सुमारे 1,100 किलोची. म्हणजे त्याच ब्रेकला जवळजवळ 45 टक्के जास्त वजन पेलायचे असते. ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेल्या ट्रेलरला 750 किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या वजनाचा निम्मा भाग, यांतली जी कमी ती मर्यादा आहे. जीपला लावले तर 550 किलो येतात. आपला ट्रेलर त्यात बसतो, पण जेमतेम. त्यात दोन पोती जास्त टाकली की तो मर्यादेबाहेर गेला. वेगाचे गणित याहून कठोर आहे. ताशी 40 वरून 60 किलोमीटरवर गेलो तर वेग दीडपट होतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. म्हणून ट्रेलर जोडल्यावर सपाट रस्त्यावर ताशी 50 च्या पुढे जाऊ नये, असा माझा ठाम सल्ला आहे.

घाटात हे सगळे प्रकर्षाने कळते. जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर फक्त 80 इंच. एवढ्या आखूड गाडीला मागून ढकलणारे वजन वळणावर सहज फिरवते. कसाऱ्याच्या किंवा आंबोलीच्या उतारावर वळणात ब्रेक दाबला की जीप थांबू पाहते, ट्रेलर थांबत नाही, आणि दोघांचा कोन होतो. ओल्या रस्त्यावर तर मागची चाके बाजूला सरकायला वेळ लागत नाही. उपाय जुनाच आहे: उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाकायचा, वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेकवरचा पाय हलका ठेवायचा. ज्याला वारंवार घाट चढायचे-उतरायचे आहेत त्याने ओव्हररन ब्रेकचा विचार करावा. त्यात जीप मंदावली की ट्रेलरचा दांडा पुढे दबतो आणि त्या दाबानेच ट्रेलरचे ब्रेक लागतात. ब्रिटिश लष्कराच्या लँड रोव्हरमागच्या सँकी ट्रेलरांत ही पद्धत आहे. ती बसवणे मात्र घरच्या अंगणातले काम नव्हे.

माल कसा भरावा यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, कारण ट्रेलर डुलण्याचे सर्वांत मोठे कारण तेच. जड वस्तू ॲक्सलच्या किंचित पुढे आणि तळाशी असाव्यात. भरल्यावर कडीवर एकूण वजनाचा साधारण दहावा भाग यावा, म्हणजे भरलेल्या ट्रेलरला 50 किलोच्या आसपास. घरच्या वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर कडी टेकवली की वजन कळते. वजन मागे गेले की कडी हलकी होते, आणि एका वेगानंतर ट्रेलर शेपटासारखा हेलकावू लागतो. असे झाले तर ॲक्सिलरेटर सोडावा, स्टेअरिंग घट्ट सरळ धरावे आणि जोराचा ब्रेक मारू नये. थांबल्यावर माल नव्याने लावावा.

दिव्यांच्या बाबतीत मूळ नमुन्याला चिकटून राहणे धोक्याचे आहे, हे इतिहासावर प्रेम करणाऱ्यांनी मनापासून मान्य करावे. युद्धातले मागचे दिवे शत्रूच्या विमानाला दिसू नयेत म्हणून केलेले होते. त्यांच्यातल्या लहान लाल खिडक्या जवळून चार, थोड्या मागून दोन आणि फार मागून एकच ठिपका अशा दिसत, आणि ताफ्यातला चालक ठिपक्यांवरून अंतर राखत असे. कल्पना देखणी आहे, पण आजच्या महामार्गावर त्या ठिपक्यांचा कुणाला काही बोध होणार नाही. नेहमीचा लाल दिवा होता तोही फक्त डावीकडे. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे तिथे तो रस्त्याच्या मध्याकडे यायचा. आपल्याकडे डावी बाजू कडेची. म्हणजे मूळ दिवा जसाच्या तसा ठेवला तर ओव्हरटेक करणाऱ्याच्या बाजूचा अर्धा ट्रेलर रात्री अंधारात राहतो. सिग्नल तर मुळात नव्हतेच. तेव्हा दोन्ही बाजूंना लाल दिवे, ब्रेकचे दिवे, सिग्नल आणि मोठे रिफ्लेक्टर हवेतच. ते एका सुट्या पाटीवर बसवून ती पाटी ट्रेलरच्या मागच्या फळीला घट्ट बांधली तर पत्र्याला एकही नवे भोक पडत नाही, आणि प्रदर्शनात पाटी काढून ठेवता येते. 6 व्होल्टची मूळ वायरिंग बहुधा नासलेली असते, तिची डागडुजी करू नये, नवी 12 व्होल्टची ओढावी. अर्थिंगसाठी वेगळी तार हवी. हूक आणि कडीच्या स्पर्शातून अर्थिंग मिळेल या भरवशावर राहिलो तर प्रत्येक खड्ड्यात दिवे मिचकावतात.

यातूनच माझी एक भूमिका तयार झाली आहे, आणि ती या पुस्तकात सगळीकडे दिसेल. मूळ भाग आणि सुरक्षा यांत बहुतेक ठिकाणी भांडण नाही. कडी, साखळ्यांच्या कड्या, हातब्रेक, टेकूचा पाय, तळाची बुचे या सगळ्या मूळच्या सुरक्षेच्याच वस्तू होत्या आणि आपणच त्या काढून टाकल्या. त्या परत आणल्या की ट्रेलर अधिक अस्सलही होतो आणि अधिक सुरक्षितही. जिथे खरोखर भांडण आहे, म्हणजे दिव्यांत आणि टायरांत, तिथे सुरक्षेला झुकते माप द्यावे, पण बदल असा करावा की पुढच्या पिढीला तो खुणा न राहता काढता येईल.

कागदपत्रांचे काम शेवटी ठेवणाऱ्यांना एक कळकळीची सूचना: ते सर्वांत आधी करा. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये ट्रेलरची व्याख्या वेगळी दिलेली आहे आणि नोंदणीच्या तरतुदी त्यालाही लागू आहेत. वाहनात परस्पर बदल करण्यावर त्याच कायद्याच्या कलम 52 चे बंधन आहे. लिलावाची पावती, जुने नोंदणीपुस्तक, चासीवरचा नंबर, जे काही हाती असेल ते घेऊन कामाला हात घालण्याआधी आरटीओत जाऊन विचारावे. नोंदणी होणार नसेल तर ट्रेलर संग्रहात ठेवावा, रस्त्यावर नेऊ नये. विम्याचेही तसेच. ट्रेलर जोडलेला असताना पॉलिसी काय म्हणते ते लेखी घ्यावे.

रंगाबद्दल थोडक्यात. जुन्या थरांत शिसे असते, म्हणून कोरडे घासू नये, पाणी लावून घासावे आणि तोंडाला चांगला मास्क बांधावा. सँड ब्लास्टिंग करण्याआधी बाजूचा एक भाग हळूहळू, थराथराने घासून पाहावा. खाली लष्करी नंबर सापडण्याची शक्यता असते, आणि तो एकदा उडाला की ट्रेलरची ओळखच गेली. वजन, अनुक्रमांक आणि लष्कराकडे सोपवल्याची तारीख सांगणारी पत्र्याची पाटी जागेवर असेल तर तिला हात लावू नये. लांबी फक्त दिसण्यापुरती वापरावी, गंजलेल्या चासीचे भोक लांबीने बुजवणे म्हणजे दुखणे झाकणे. रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर चमक नसलेला ऑलिव्ह, एवढे पुरते.

प्रकरणांचा क्रम कामाच्या क्रमाने लावला आहे: कागदपत्रे, चाके, हब, ॲक्सल, चासी, दांडा आणि कडी, जीपचा हूक, दिवे, मग पेटी आणि रंग. शेवटचे प्रकरण पहिल्या फेरीचे आहे. ती रिकाम्या ट्रेलरने, दिवसाउजेडी, रहदारी नसलेल्या रस्त्यावर आणि ताशी 30 च्या आत करावी. मागून दुसऱ्या गाडीत कुणीतरी असावे, म्हणजे चाक वेडेवाकडे फिरते का, ट्रेलर तिरका चालतो का, ब्रेकचे दिवे लागतात का, हे पाहता येते. दहाबारा किलोमीटरवर थांबून दोन्ही हबना हात लावावा. कोमट असेल तर ठीक, हात टेकवत नसेल तर बेअरिंग जास्त आवळले आहे. चाकांचे पाचही नट पुन्हा आवळावेत, नव्या रंगामुळे ते हमखास थोडे सैल झालेले असतात. कडी, पिन आणि साखळ्या पाहाव्यात. हे सारे जमले की निम्मा माल घेऊन दुसरी फेरी करावी, आणि तीही नीट झाली तरच पूर्ण 227 किलो भरून घाटाकडे निघावे.